गणपतीच्या मखरातली एलईडी स्ट्रिप लुकलुकते, भलतेच रंग दाखवते, अर्ध्यातच बंद पडते : तपासायला कुठून सुरुवात करायची

खालच्यापैकी एक जरी लक्षण दिसत असेल तर पुढे वाचा.

- लाल सांगितलं की हिरवं लागतं, हिरवं सांगितलं की लाल, निळं मात्र बरोबर येतं
- सगळं ठीक चाललेलं असतं आणि मध्येच एखादा एलईडी भडक हिरवा नाहीतर जांभळा चमकून जातो, कधी अख्खी स्ट्रिपच
- सुरुवातीला स्वच्छ पांढरा, पुढे पिवळट, शेवटाला पार विटकरी
- एका ठराविक एलईडीपर्यंत छान, त्यापुढे मिट्ट अंधार, आणि दर वेळी तोच एलईडी
- फुल पांढरा केला की बोर्ड रीस्टार्ट होतो, वायफाय तुटतं, मोबाइलवरून काही ऐकेनासं होतं
- टेबलावर तासन् तास चाललं, मखरात लावलं की वेड्यासारखं करतं
- काहीच लागत नाही, किंवा पहिला एकच एलईडी लागतो

सोसायटीतले, नात्यातले, मंडळातले असे बरेच सेट मी दरवर्षी दुरुस्त करत असतो आणि खरं सांगू का, दोष फिरून फिरून तेच असतात. लोक मात्र पहिल्यांदा कोडला हात घालतात, लायब्ररी बदलतात, बोर्ड परत फ्लॅश करतात, रात्री दोन वाजता एआयला विचारून नवीन प्रोग्रॅम आणतात आणि इकडे ग्राउंडची वायर जोडलेलीच नसते. काल चालणारा कोड आज आपोआप बिघडत नाही. वायर सुटते, सोल्डर तडकतो, सप्लाय कमी पडतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे जातो, तो मोडू नका, मधलं एखादं सोडून एकदम लेव्हल शिफ्टर (बोर्डाचा ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ चा करणारी चिप) मागवायला जाऊ नका.

आधी स्ट्रिप कुठली आहे ते बघा

ही पोस्ट तीन वायरच्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी स्ट्रिपबद्दल आहे, जिच्यात प्रत्येक एलईडीच्या पोटात छोटीशी चिप असते आणि प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो. बोर्ड म्हणजे स्ट्रिपला डेटा पाठवणारा आर्डुइनो नॅनो, नोडएमसीयू (याच्यात ईएसपी८२६६ चिप असते) किंवा ईएसपी३२. तुमच्या स्ट्रिपला चार वायर असतील आणि तांब्याच्या पट्टीवर १२ व्होल्ट, जी, आर, बी असं छापलेलं असेल तर ती साधी आरजीबी स्ट्रिप, अख्खी एकाच रंगाची होते, तिला डेटा वगैरे काही नसतो, तिला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) लागतात आणि तिचं दुखणं वेगळं. तीन वायरची पण १२ व्होल्टची स्ट्रिप मिळते, तिच्यात सहसा तीन एलईडी मिळून एक चिप असते. ती ५ व्होल्टला जोडली तर धड लागणार नाही. पण ५ व्होल्टची स्ट्रिप १२ व्होल्टला जोडली तर तिचं तिथेच संपलं, पुढचं काही वाचायची गरज नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गर्दीच्या दिवसांत दुकानदार घाईत कुठलाही रोल हातात देतो, त्यामुळे पट्टीवर छापलेलं वाचा, पिशवीवरच्या चिठ्ठीवर जाऊ नका.

बाण

हसू नका. स्ट्रिपवर बारीक बाण असतात, डेटा त्याच दिशेने जातो. बोर्डाची वायर डीआय (डेटा आत) लिहिलेल्या बाजूला यायला हवी, डीओ (डेटा बाहेर) लिहिलेल्या बाजूला लावली तर स्ट्रिप गप्प राहते, जळत नाही पण लागतही नाही. मखराच्या कमानीवर स्ट्रिप चिकटवताना उलटी लागते आणि मग माणूस तासभर कोड बघत बसतो. स्ट्रिप कापून तुकडे जोडले असतील तर प्रत्येक तुकड्याचा बाण बघा, सगळे एकामागे एक एकाच दिशेला हवेत.

ब्राइटनेस खाली आणून बघा

माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण फुकट आहे आणि अर्धं निदान तिथेच होतं. २५५ पैकी ४० वर ब्राइटनेस आणा, काही बदलू नका, फक्त एवढंच. म्हणजे स्ट्रिप खाते त्या करंटचा साधारण सहावा हिस्सा राहतो. लुकलुक थांबली, रीस्टार्ट थांबला, शेवटाचा पिवळेपणा गेला, तर दोष सप्लायचा किंवा वायरचा आहे, डेटाचा नाही. आणि ४० वरही तेच भलते रंग, तीच चमक येत असेल तर डेटाच्या बाजूला बघायचं.

गणित सोपं आहे. एक एलईडी फुल पांढरा असताना साधारण ६० मिलीअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे लाल, हिरवा, निळा मिळून प्रत्येकी वीस. काही नव्या स्ट्रिपा थोडं कमी खातात पण हिशेब साठनेच करा. मीटरला ६० एलईडीवाली पाच मीटरची स्ट्रिप म्हणजे ३०० एलईडी, म्हणजे १८ अँपिअर, म्हणजे ९० वॉट. आता तुमच्याकडचा मोबाइलचा चार्जर बघा, ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलंय ना, तो फुल पांढऱ्यात तेहतीस एलईडीला पुरतो. लॅपटॉपचं यूएसबी २ पोर्ट तर अर्ध्या अँपिअरचंच असतं. आणि स्ट्रिप काळी केली, सगळं बंद दिसतंय, तरी प्रत्येक चिप जागी असते आणि एकेक मिलीअँपिअरच्या आसपास खात असते, ३०० एलईडीचे तिथेच पाव ते तीन दशांश अँपिअर गेले.

लगेच नवीन सप्लाय घ्यायला मात्र पळू नका. घरच्या मखराला फुल पांढरा कशाला पाहिजे, डोळे दिपतात, मूर्ती दिसत नाही. डब्ल्यूएलईडी (ईएसपी बोर्डावर टाकायचं तयार सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यात करंटची मर्यादा घालायची सोय आहे, फास्टएलईडी या लायब्ररीतही व्होल्ट आणि मिलीअँपिअर देऊन कमाल पॉवर बांधून टाकता येते. तुमचा सप्लाय जेवढा आहे त्याच्या ऐंशी टक्के आकडा तिथे टाका, रंग कुठलाही आला तरी बोर्ड त्याच्या आत राहतो. पोरांनी मोबाइलवरून स्लायडर टोकाला नेला तरी काही होत नाही, आणि पोरं तो नेतातच.

ग्राउंड एक आहे का

टेबलावर चालतं आणि मखरात चालत नाही या लक्षणामागे बहुतेक वेळा हेच. टेबलावर बोर्ड आणि स्ट्रिप एकाच सप्लायवर होते. मखरात जागा नाही म्हणून बोर्डाला मोबाइलचा चार्जर लावला आणि स्ट्रिपला वेगळा एसएमपीएस (२३० व्होल्टचे ५ करणारा पॉवर सप्लाय), आणि डेटाची एकच वायर बोर्डाकडून स्ट्रिपकडे नेली. आता डेटा म्हणजे काय, तर ग्राउंडच्या तुलनेत वर-खाली होणारा व्होल्टेज. दोघांचं ग्राउंडच वेगळं असेल तर स्ट्रिपला कळणार कसं कशाच्या तुलनेत? मग ती हवेतला गोंगाट वाचते आणि मनाला येईल ते लावते. बोर्डाचा जीएनडी आणि स्ट्रिपचा जीएनडी एका वायरने जोडा, सप्लाय दोन असले तरी. मात्र दोन सप्लायचे ५ व्होल्ट एकमेकांना जोडायचे नाहीत, फक्त ग्राउंड.

एक ओळखायची खूण आहे. डेटाच्या वायरजवळ हात नेला, तिला नुसता स्पर्श केला आणि रंग बदलले, तर ग्राउंड सुटलंय किंवा डेटाची वायर कुठेतरी लोंबकळतेय, दुसरं फारसं काही नसतं.

सेटिंग, पण फक्त एवढीच चार

कोडला हात लावायचाच असेल तर या चार जागा बघा आणि बाहेर या.

रंगाचा क्रम. डब्ल्यूएस२८१२बी आधी हिरवा, मग लाल, मग निळा असा डेटा घेते. कोडमध्ये आरजीबी लिहिलं असेल तर लाल-हिरव्याची अदलाबदल होते. जीआरबी करा, संपलं.

चिपचा प्रकार. तुमच्या एलईडीत वेगळा पांढराही असेल, म्हणजे एसके६८१२ आरजीबीडब्ल्यू, तर तिला प्रत्येकी २४ नाही, ३२ बिट लागतात. २४ पाठवले की पहिल्याचा उरलेला हिस्सा दुसऱ्याच्या खात्यात जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, आणि एकच रंग मागितला तरी रंगीबेरंगी तोरण दिसतं. असं ठरावीक नक्षीसारखं गोंधळलेलं दिसलं तर इथेच बघा, सप्लायने अशी नियमित नक्षी येत नाही.

एलईडीची संख्या. नवीन डब्ल्यूएलईडी टाकलं की त्यात ३० एलईडी धरलेले असतात. अर्धी स्ट्रिप मेली, पहिले तीसच लागतात असं कोणी म्हणालं की मी आधी हा आकडा विचारतो. आर्डुइनो नॅनोचं उलटं, तिथे आकडा उगाच मोठा टाकू नका, त्याची रॅम २ केबी आणि प्रत्येक एलईडी ३ बाइट खातो, ३०० ला ९०० बाइट गेले, ६०० टाकले तर प्रोग्रॅम चालूच होणार नाही किंवा कसाही चालेल.

पिन. नोडएमसीयूवर डी४ छापलेलं असतं पण आतून तो जीपीआयओ २ (चिपच्या पिनचा खरा नंबर) असतो, आणि कोडमध्ये नुसतं ४ लिहिलं तर तो बोर्डावरचा डी२ होतो. या एका गोंधळात बऱ्याच संध्याकाळी गेल्यात लोकांच्या. ईएसपी८२६६ ला आणखी एक गोष्ट आहे, वायफाय सांभाळताना त्याचं लक्ष उडतं आणि डेटाची वेळ चुकते. एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा, त्यातही शून्य आणि एक यांच्यात फरक काय तर सिग्नल ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला का ०.८, एवढाच. जरा दचकलं की चमक आली. म्हणून त्याच्यावर डेटा जीपीआयओ २ किंवा ३ वरून काढा, तिथे हार्डवेअरच्या मदतीने डेटा जातो आणि वायफाय मध्ये तडमडत नाही. ईएसपी३२ ला हा त्रास बराच कमी. नवीन घेणार असाल तर सरळ ईएसपी३२ घ्या, किमतीतला फरक डोकेदुखीपेक्षा कमी आहे.

आता मल्टिमीटर

इथून पुढे मीटर लागतो. साधा डिजिटल पुरेसा आहे, डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. स्ट्रिप पांढरी करा, तुम्ही खरोखर वापरणार तेवढ्याच ब्राइटनेसवर, आणि तीन ठिकाणी मोजा, सप्लायच्या तोंडाशी, स्ट्रिपच्या सुरुवातीला, स्ट्रिपच्या शेवटाला. स्ट्रिप बंद असताना मोजू नका, तेव्हा सगळीकडे ५ च दाखवेल आणि तुम्ही म्हणाल सप्लाय तर झकास आहे.

सप्लायशीच ४.६ वगैरे असेल तर सप्लाय दमलाय. सप्लायशी ५ आणि स्ट्रिपच्या सुरुवातीला ४.५ असेल तर मधली वायर बारीक आहे. हे फार दिसतं. स्ट्रिपच्या टोकाला येणाऱ्या त्या पांढऱ्या प्लगच्या वायरा आणि ब्रेडबोर्डच्या रंगीत जंपर वायरा ही अँपिअरची मालवाहतूक करायची साधनं नाहीत, दोन-तीन अँपिअरला त्या हाताला कोमट लागायला लागतात, ब्रेडबोर्ड तर एका अँपिअरच्या पुढे भरवशाचा नाही. मेन लाइनला घरातल्या वायरिंगची १.५ स्क्वेअर एमएम वापरा, आणि तीही लांब नको. दीड स्क्वेअरच्या वायरमधून १० अँपिअर दोन मीटर लांब नेले तर जाता-येता मिळून जवळजवळ अर्धा व्होल्ट तिथेच जातो. ५ व्होल्टमधला अर्धा व्होल्ट म्हणजे दहा टक्के. म्हणून एसएमपीएस मखराच्या जवळ ठेवायचा आणि २३० ची वायर लांब घ्यायची, उलटं करायचं नाही.

सुरुवातीला ५ आणि शेवटाला साडेतीन-चार, तर स्ट्रिपमधलं तांबंच कमी पडतंय. शेताला एकाच टोकाकडून पाटाने पाणी सोडल्यावर शेवटच्या वाफ्याचं जे होतं तेच. पिवळा-विटकरी का होतो, तर लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज पडलं की निळा आधी मान टाकतो, मग हिरवा, लाल शेवटपर्यंत टिकून असतो. म्हणजे रंग बघूनच कळतं, मीटर फक्त खात्रीसाठी.

उपाय म्हणजे पॉवर दोन-तीन ठिकाणी देणं. सप्लायपासून ५ व्होल्ट आणि ग्राउंडची जाड जोडी काढून स्ट्रिपच्या सुरुवातीला, शेवटाला आणि पाच मीटर असेल तर मध्येही सोल्डर करा. डेटा मात्र सुरुवातीलाच एकदा. मीटरला १४४ एलईडीवाली दाट स्ट्रिप असेल तर दर मीटरला द्यावं लागतं.

आणि एक करू नका. एसएमपीएसवर ॲडज लिहिलेला छोटा स्क्रू असतो, तो फिरवून व्होल्टेज साडेपाचला नेला की शेवटचा पांढरा जरा बरा दिसतो, हा सल्ला फार फिरतो. डब्ल्यूएस२८१२बी ची हद्द ५.३ व्होल्टची आहे. शेवटच्याला जगवायला सुरुवातीच्यांना मारायचं कशाला.

रेझिस्टर आणि कपॅसिटर

दहा-वीस रुपयांचं काम आहे आणि नव्या सेटला तर न विचारता लावावं. डेटाच्या वायरमध्ये, स्ट्रिपच्या पहिल्या एलईडीजवळ, ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर. कारण लांब वायरमध्ये सिग्नल शेवटाला आपटून परत फिरतो आणि पहिल्या एलईडीला एका बिटचे दोन वाटू शकतात, रेझिस्टरने ते शांत होतं. शिवाय स्ट्रिपचा सप्लाय बंद आणि बोर्ड चालू अशी वेळ आली तर अख्खी स्ट्रिप डेटाच्या पिनमधून करंट ओढायला बघते, त्यात पहिला एलईडी नाहीतर बोर्डाची पिन जाते. रेझिस्टर तो करंट अडवतो. त्यासाठीच जोडताना आधी ग्राउंड, मग ५ व्होल्ट, शेवटी डेटा, आणि काढताना उलटं.

कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट किंवा जास्तीचा, स्ट्रिपच्या सुरुवातीला ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये. पट्टा असलेली बाजू ग्राउंडला, उलटा लावला तर फुटतो, आणि आवाज चांगला मोठा येतो.

डेटाची वायर शक्यतो अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत ठेवा. मखराच्या मागे जागा आहे म्हणून बोर्ड तिकडे आणि तीन मीटर वायर पंख्याच्या नाहीतर समईच्या बल्बच्या २३० वायरबरोबर एकाच टेपने बांधलेली, असं दिसलं की मी तीच आधी सोडवतो. आरतीला शेजारचा टेबलफॅन बंद केला की स्ट्रिप दचकते ना, ते यामुळे. लांब न्यायचीच असेल तर जुन्या लॅन केबलमधली पिळाची एक जोडी घ्या, एका तारेत डेटा, दुसरीत ग्राउंड.

३.३ विरुद्ध ५ व्होल्ट

एवढं सगळं करूनही कधीतरी एखादी चमक येतेच, आणि बोर्ड ईएसपीवाला आहे, तर ही पायरी. डब्ल्यूएस२८१२बी आपल्या सप्लायच्या ०.७ पट व्होल्टेज आलं तरच त्याला ‘एक’ मानते. ५ चं ०.७ म्हणजे ३.५. ईएसपी देतो ३.३. म्हणजे कागदावर हे चालायलाच नको, पण बऱ्याच स्ट्रिपा निमूट चालवून घेतात म्हणून लोक म्हणतात आमचं तर चालतं. काठावर चाललेलं असतं ते. थंड सकाळी चालतं, संध्याकाळी पाहुण्यांसमोर बिघडतं. आर्डुइनो नॅनो ५ व्होल्टच देतो, त्याला ही पायरी लागत नाही.

चांगला उपाय ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी२४५ ही चिप. नावात सीटी आहे याची खात्री करा, नुसती ७४एचसी घेतली तर तिलाही ३.३ पुरत नाही. चार चॅनेलचं ते लाल रंगाचं छोटं लेव्हल कन्व्हर्टर मॉड्यूल मिळतं, दोन्ही दिशांनी चालणारं, ते सेन्सरसाठी ठीक आहे, या वेगाला ते बरेचदा मागे पडतं.

चिप मिळत नसेल आणि उद्या प्रतिष्ठापना असेल तर जुगाड आहे. स्ट्रिपचा पहिला एलईडी कापून वेगळा करा, त्याला ५ व्होल्ट १एन४००७ डायोडमधून द्या. डायोडमध्ये ०.७ जातात, त्या एलईडीला ४.३ मिळतात, त्याचं ०.७ पट म्हणजे ३.० आणि ते ईएसपी आरामात देतो. तो एलईडी पुढच्याला ४.३ चा डेटा पाठवतो, पुढच्याला हवेत ३.५. ग्राउंड आणि डेटा सरळ जोडायचा, डायोड फक्त त्या एकाच्या ५ व्होल्टमध्ये. अख्खी स्ट्रिप त्या डायोडवर टाकू नका, तो १ अँपिअरचा आहे.

ठरावीक एलईडीपुढे अंधार

हे शेवटाला ठेवलं कारण इथे कात्री आणि सोल्डरिंग गन लागते. प्रत्येक एलईडी आलेल्या डेटातले पहिले २४ बिट स्वतःला घेतो आणि बाकीचे ताजे करून पुढे ढकलतो. म्हणजे साखळीत एक मेला की पुढचे सगळे उपाशी. सदतीसपर्यंत लागतात आणि अडतीसपासून बंद, तर दोष सदतीसच्या डीओत, अडतीसच्या डीआयत, किंवा दोघांमधल्या जोडात.

आधी जोड बघा. पाच मीटरचा रोल म्हणजे सहसा अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे कारखान्यातच सोल्डर करून जोडलेले असतात, आणि मखराच्या कोपऱ्यात स्ट्रिप काटकोनात दुमडली की नेमका तोच जोड नाहीतर आतलं तांबं तडकतं. त्या जागी बोटाने हलकं दाबा, पुढचे लागले तर सापडलं. परत सोल्डर मारा. कोपऱ्यात स्ट्रिप दुमडायचीच नाही, कापून तीन छोट्या वायरांनी वळण द्यायचं. पॅडवर गन जास्त वेळ धरली की पॅड उचकटून येतो, मग तो तुकडा गेला, म्हणून आधी पॅडला थोडं सोल्डर, वायरला थोडं सोल्डर, मग दोघांना एकदाच टेकवायचं.

जोड ठीक असेल तर अडतीसावा काढा. तांब्याच्या पॅडच्या मधोमध कापायची रेघ असते तिथे कापा आणि सदतीसच्या डीओला एकोणचाळीसचा डीआय जोडा. तरी अंधार, तर सदतीसावाही काढा. पहिलाच एलईडी मेला असेल तर आणखी सोपं, तो कापून टाका आणि दुसऱ्यापासून सुरू करा. एकदोन एलईडी कमी झाल्याचं गणपतीला काही वाटत नाही.

मागच्या वर्षीची स्ट्रिप काढून बघत असाल तर तांब्याच्या पॅडवर हिरवट थर आलाय का बघा. फुलांचं, अभिषेकाचं पाणी स्ट्रिपवर पडतं आणि त्यात ५ व्होल्ट चालू असतात, तांबं खाल्लं जातं. वरून सिलिकॉनची नळी असली तरी कापलेल्या टोकातून पाणी आत जातंच. हिरवट तुकडा दुरुस्त करत बसू नका, कापून टाका.

इथे थांबा

५ व्होल्टने झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. २० अँपिअरचा एसएमपीएस शॉर्ट झालेल्या बारीक वायरमध्ये बंद न पडता बराच वेळ करंट ओतू शकतो, कारण त्याच्या दृष्टीने अजून वीस झालेलेच नसतात. वायर लाल होते, आणि २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेलं तरी पुठ्ठा, कापड, सनबोर्ड, कागदी फुलं हे काही न जळणारं सामान नाही. प्रत्येक पॉवर लाइनला ५ अँपिअरच्या आसपासचा फ्यूज घाला, गाडीचे पातीवाले फ्यूज आणि त्यांचे होल्डर स्वस्तात मिळतात. करपल्याचा वास आला, वायर हाताला गरम लागली, प्लगचं प्लॅस्टिक पिवळं पडलं, तर सरळ मेन स्विच बंद. ‘आरती होऊ दे मग बघू’ हे नको.

एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट काही काळ राहू शकतात. तो बिघडला तर बदला. काही एसएमपीएसच्या बाजूला ११५ आणि २३० असा सरकता स्विच असतो, परदेशातून कोणी आणून दिला असेल तर तो हमखास ११५ वर असतो आणि तसाच आपल्याकडे लावला तर एकदाच लागतो. प्लग काढलेला असतानाच तो २३० वर करा.

यातलं काही दिसलं तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा, यूट्यूब नको: एसएमपीएस लावला की आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) किंवा एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा) पडतो, परत वर केला की परत पडतो. एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणजे अर्थिंग नाही, जुन्या वाड्यात आणि चाळीत हे बरेच ठिकाणी असतं. एल, एन आणि अर्थच्या स्क्रूवर कुठली वायर कुठे ते तुम्हाला खात्रीने सांगता येत नाही. आरसीसीबी पडतोय म्हणून त्याला बायपास करून देणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सार्वजनिक मंडपात तर २३० च्या बाजूला स्वतः हातच घालू नका, मीटरपासून एसएमपीएसच्या प्लगपर्यंतचं सगळं मंडळाच्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं. भाद्रपदातला पाऊस, ताडपत्रीतून गळणारं पाणी, लोखंडी पाइप आणि चिखलात उभी माणसं. त्याला एवढंच सांगा की प्लग आरसीसीबीच्या मागे हवा, एसएमपीएस जमिनीपासून कमरेएवढा वर आणि पाणी न पडेल असा, पण हवा खेळती हवी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नको. त्याच्या पुढचे ५ व्होल्ट, डेटा आणि रंग तुम्ही सांभाळा.